मोजून पाहणारा योगी : स्वामी कुवलयानंद

शरीराचा जो भाग आपला आपल्याला दिसत नाही, त्याची आठवण तो दुखू लागल्यावरच होते. पाठीचे तसेच आहे. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने त्रस्त होती, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. माणसाला असमर्थ करणाऱ्या विकारांमध्ये जगभर पहिला क्रमांक कंबरदुखीचा लागतो, हेही त्याच वेळी पुन्हा एकदा स्पष्ट झाले. एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापक कक्षात दुपारच्या चहाला जमणाऱ्या मंडळींपैकी दोघांच्या कमरेला पट्टा आहे, एकांच्या कपाटात निर्गुडीच्या तेलाची बाटली आहे आणि उरलेल्या प्रत्येकाजवळ आपापला रामबाण उपाय आहे. कोणी म्हणतो झोपून राहावे, कोणी म्हणतो सूर्यनमस्कार घालावेत, कोणी कोण्या गावच्या हाड बसविणाऱ्याचा पत्ता देतो. हे सर्व सल्ले देताना एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही : हे आपल्याला कशावरून ठाऊक?

हा प्रश्न योगविद्येला विचारण्याचे धाडस ज्या मराठी माणसाने केले, त्याची ही जीवनकथा आहे. विद्यार्थिमित्रांनो, लोणावळ्याचे 'कैवल्यधाम' तुम्हांपैकी पुष्कळांनी सहलीच्या गाडीतून जाताना पाहिले असेल. त्या संस्थेचे संस्थापक म्हणून स्वामी कुवलयानंद हे नावही कानांवर असेल. परंतु नावापलीकडे आपली माहिती फारशी जात नाही. मीही तत्त्वज्ञान शिकविण्यात बरीच वर्षे घालवली आणि पातंजल योगसूत्रांवर तास घेतले. तरी या गृहस्थांकडे माझे लक्ष गेले ते दुखऱ्या पाठीच्या निमित्ताने.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. घर कऱ्हाडे ब्राह्मणाचे, वडील शिक्षक आणि मिळकत बेताची. त्या काळच्या हुशार व गरीब मराठी मुलांना वर येण्यासाठी जी एक शिडी उपलब्ध होती, ती म्हणजे संस्कृत. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. १९१० साली ते पदवीधर झाले.

बडोद्याचे ते दिवस भारलेले होते. अरविंद घोष १९०६ पर्यंत तेथेच होते. टिळकांचे नाव तरुणांच्या ओठांवर होते. वंगभंगानंतरची चळवळ महाराष्ट्र-गुजरातेतही पसरली होती. अशा वातावरणात जगन्नाथ गुणे १९०७ पासून जुम्मादादांच्या व्यायामशाळेत जाऊ लागले. तेथे राजरत्न प्रोफेसर माणिकराव शिकवीत असत. आखाड्याची माती, लाठी, मल्लखांब, जोर-बैठका, अंगाला तेल लावून केलेले मर्दन ही सारी देशी व्यायामपद्धती त्यांनी तीन वर्षे तेथे आत्मसात केली. आपल्याकडच्या तालमींत केवळ दंड-बेटकुळ्या कमावल्या जात नसत; मुरगळलेला सांधा, लचकलेली कंबर, चमक भरलेली पाठ यांची पहिली दाद तालमीतल्या वस्तादाकडेच लागत असे. निगुतीने चोळणे, शेकणे, पालापाचोळ्याचा लेप बांधणे हे त्याच्या विद्येचे अंग असे. शरीर हे हाताने जाणून घ्यावयाचे असते हा धडा गुणे यांना या मातीत मिळाला. पुढे त्यांनी हाताच्या जागी उपकरण आणले, एवढाच काय तो फरक.

पदवीनंतर ते शिक्षणाच्या कार्यात पडले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि १९१६ साली अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. संस्थेतील राष्ट्रीय वृत्ती इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलली आणि १९२० साली ते महाविद्यालय बंद पाडण्यात आले. प्राचार्याच्या हातून त्याचे महाविद्यालयच काढून घेतले गेले म्हणजे त्याला काय वाटत असेल, याची कल्पना आमच्या पेशातील माणसाला सहज करता येईल. तरीही ते १९२३ पर्यंत भारतीय संस्कृती हा विषय शिकवीत राहिले. (साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात आले ते १९२४ साली. दोघांची चुकामूक थोडक्यात झाली म्हणायची!)

दरम्यान १९१९ साली एक भेट झाली होती. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध बंगाली योगी राहत. गुणे त्यांचे शिष्य झाले. याच गुरूंचे दुसरे शिष्य म्हणजे योगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईजवळ वेसाव्याला योगसंस्था काढली होती. एका गुरूच्या दोन शिष्यांनी आठ वर्षांच्या आत योगाला गुहेतून बाहेर काढून गृहस्थाच्या अंगणात आणावे, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी तितकी घेतलेली दिसत नाही.

गुणे यांनी गुरूंकडून आसने, बंध, क्रिया शिकून घेतल्या. येथवरची हकिकत कोणाही साधकाची असू शकेल. निराळेपण पुढे आहे. शरीराला फायदा होतो हे त्यांना अनुभवाने पटले होते, पण तो का होतो याचे जे स्पष्टीकरण परंपरेने दिले जाई त्याने त्यांचे समाधान होईना. अमुक आसनाने सर्व रोग जातात, तमुक क्रियेने जरामरण टळते, अशी वचने हठयोगाच्या ग्रंथांत पानोपानी आहेत. श्रद्धाळू माणूस ती मान डोलावून वाचतो, इंग्रजी शिकलेला माणूस हसून पुस्तक मिटतो. गुणे यांनी तिसरी वाट धरली. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांना नेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या शरीराची क्ष-किरणांनी तपासणी करविली.

हे कसे घडले ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढून घेणे. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू तेवढे दोरखंडासारखे पुढे काढावयाचे असतात. हठयोगी याच कौशल्याच्या बळावर पाण्यात बसून नळीवाटे पाणी आतड्यात ओढून घेत. ते पाणी वर चढते कसे? चमत्कार म्हणून हात जोडावेत किंवा थोतांड म्हणून हात झटकावेत, असे दोनच मार्ग त्या वेळी लोकांसमोर होते. स्वामीजींनी (आता त्यांना याच नावाने संबोधू) आतड्यातील दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला. नौलीच्या क्षणी तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो असे आढळले. म्हणजे आत अंशतः निर्वात अवस्था होते आणि पाणी आपल्या धर्माने वर चढते. या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंचे नाव दिले, 'माधवदास निर्वात'. गुरूचे नाव देवळाला, मठाला, फार तर घाटाला देण्याची आपली पद्धत. आतड्यातील दाबाला गुरूचे नाव देणारा शिष्य माझ्या वाचनात दुसरा नाही.

१९२४ साली विजयादशमीच्या मुहूर्तावर लोणावळ्याला 'कैवल्यधाम' सुरू झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. आमच्या ग्रंथालयात त्याचे काही जुने खंड आहेत. कागद पिवळा पडला आहे, कडा मोडतात, पण चित्रांची पाने अजून स्वच्छ आहेत. एका भागात शास्त्रीय निबंध : तक्ते, आकडे, क्ष-किरणांची छायाचित्रे. दुसऱ्या भागात सामान्य वाचकासाठी आसनांची माहिती. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला त्यातील शरीरशास्त्र सारे समजेल असे नाही, मलाही समजले नाही. पण एक गोष्ट पाने उलटताना पुन्हा पुन्हा जाणवली. प्रयोग कोणावर केला, किती वेळा केला, उपकरण कोणते, आकडा काय आला हे सगळे तेथे मांडलेले आहे. ज्याला पटत नसेल त्याने स्वतः करून पाहावे अशी सोय ठेवलेली आहे.

या वृत्तीची खरी कसोटी प्राणायामाच्या वेळी लागली. प्राणायामाने शरीरात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू जातो, असे तेव्हा सर्वत्र सांगितले जाई आणि आजही सकाळच्या बागेत सांगितले जाते. स्वामीजींनी आत घेतलेला प्राणवायू आणि बाहेर टाकलेला कर्बवायू यांचे मापन केले. निष्कर्ष लोकप्रिय समजुतीच्या विरुद्ध निघाला. तेवढ्याच वेळात नेहमीच्या श्वसनात शरीर जितका प्राणवायू घेते, त्यापेक्षा अधिक प्राणायामात घेत नाही असे दिसले. ज्याची संस्था, ज्याचे त्रैमासिक, ज्याची सारी पुण्याई योगाच्या गौरवावर उभी, त्याने हा आकडा बाजूला ठेवला असता तर कोणाला कळणार होते? स्वामीजींनी तो छापला, आणि प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मापात शोधू नये, ते अन्यत्र आहे, अशी भूमिका घेतली. त्यांच्या सर्व कार्यात मला ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. आसने शिकविणारे पूर्वीही होते, नंतरही झाले. आपल्या श्रद्धेला तराजूत घालून, काटा विरुद्ध बाजूला झुकला तरी तो वाचून दाखविणारे थोडेच.

आता पाठीकडे येतो. १९३१ साली त्यांचे आसनांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे 'आसने' या सुटसुटीत नावानेच ते लोकांच्या हाती राहिले. त्यात त्यांनी पाठीच्या कण्याला फार मोठे स्थान दिले आहे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे सुटे मणके, खाली त्रिकास्थी व माकडहाड, मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या, आणि या खांबाच्या पोकळीतून जाणारी मज्जारज्जू. कणा लवचीक राहिला तर मज्जातंतूंचे आरोग्य राहते, अशी त्यांची धारणा होती. कणा पुढे वाकतो, मागे वाकतो, पिळला जातो, त्या सर्व दिशांनी त्याला रोज थोडे फिरवावे, असा त्यांच्या अभ्यासक्रमाचा साधा आराखडा आहे. पुढे वाकण्यासाठी पश्चिमतान आणि योगमुद्रा, मागे वाकण्यासाठी भुजंगासन, शलभासन, धनुरासन, पीळ देण्यासाठी वक्रासन आणि अर्धमत्स्येंद्रासन, आणि सर्व झाल्यावर शवासन.

त्यातील बारकावे वाचले म्हणजे या माणसाने स्वतः किती लक्षपूर्वक अभ्यास केला असेल ते ध्यानी येते. भुजंगासनात आपण सर्रास हातांवर जोर देऊन छाती उचलतो. त्यांची सूचना अशी की पालथे निजून आधी नुसते डोके उचलावे, मग छाती, तीही पाठीच्या स्नायूंच्या बळाने, सावकाश, इतकी सावकाश की ताण एका मणक्यावरून खालच्या मणक्यावर उतरत गेलेला आतून कळावा. हलासनाच्या त्यांनी चार पायऱ्या केल्या. पाय डोक्यापलीकडे थोडे थोडे नेत गेले म्हणजे वाकण्याचा भर कमरेकडून पाठीकडे आणि पाठीकडून मानेकडे सरकत जातो. ज्याला पूर्ण शलभासन झेपत नाही त्याने एकेक पाय उचलून अर्धशलभासन करावे. झटका नको, चढाओढ नको, थकवा येईपर्यंत करणे नको. तालमीचा भारी व्यायाम करणाऱ्याने तो व्यायाम आणि आसने यांच्यामध्ये सुमारे वीस मिनिटांचे अंतर ठेवावे. डोके खाली व पाय वर असणारी आसने ज्यांचे कान वाहतात, ज्यांच्या डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या आहेत किंवा हृदय अशक्त आहे त्यांनी करू नयेत. कोणी काय करू नये हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे योगाचे पुस्तक त्या काळात विरळाच असावे.

माझी स्वतःची गोष्ट येथे दोन ओळींत सांगतो, कारण तिचा विषयाशी संबंध आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत एका सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. गावातल्या एका डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यांची झीज झाली आहे म्हणाले आणि सक्त झोपून राहावयास सांगितले. पंधरा दिवस मी आढे मोजले. पंधरा दिवसांनी दुखणे तेवढेच होते आणि शिवाय मांड्या लटलटू लागल्या होत्या. पुढे दुसऱ्या एका तज्ज्ञांनी तपासून हिंडण्या-फिरण्यास व हलक्या व्यायामास परवानगी दिली, तेव्हा अर्धशलभासनापासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात पाय जमिनीपासून वीतभरही उचलत नव्हता. चार महिन्यांनी भुजंगासन बऱ्यापैकी जमू लागले. दुखणे समूळ गेले असे म्हणणार नाही. परीक्षेचा हंगाम आला की ते आपली हजेरी लावून जाते. पण आता मी त्याला भीत नाही आणि झोपूनही राहत नाही.

कंबरदुखीला सक्तीची विश्रांती हा उपाय त्या डॉक्टरांनी आपल्या मनचा काढला होता असे नाही. कित्येक दशके तीच रीत होती. १९८६ साली अमेरिकेत एका अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली. सात दिवस निजलेल्यांना अधिक फायदा झाला नाही, कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ साली फिनलंडमध्ये असे दिसले की झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लोक निजून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारतात. यामागे शरीररचनेचेही कारण आहे. प्रौढ माणसाच्या मणक्यांमधील चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचे पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपून होते आणि हालचालीचा त्याला उपयोग होतो. कणा फिरता ठेवावा ही स्वामीजींची शिकवण या दृष्टीने खरी ठरली, जरी मज्जातंतूंविषयी त्यांनी मांडलेले सर्वच तर्क आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही.

अर्थात पाठदुखीच्या बाबतीत स्वामीजींचे म्हणणे मुख्यतः शरीररचनेवर आधारलेला तर्क होता. नौलीसारखा तो पाऱ्यावर तोललेला नव्हता. तोलण्याचे काम पुढच्यांनी केले. जुन्या कंबरदुखीवर योगाचे जे प्रयोग निरनिराळ्या देशांत झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये घेण्यात आला. व्यायाम मुळीच न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांची हालचाल व दुखणे यांत सुधारणा होते, पण ती थोडी असते. आणि इतर पाठीच्या व्यायामांपेक्षा योग वरचढ आहे असे म्हणता येत नाही. योगाचे अभिमानी हे वाचून नाराज होतील. ज्याने प्राणवायूचा आकडा छापला, तो झाला नसता असे मला वाटते.

वनस्पतींविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरांत पाठ दुखली की हात आधी तेलाच्या वाटीकडे जातो. माझी आजी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधी आणि कमरेला शेक देई. एरंडाच्या पानाला तेल लावून तेही बांधी. पोटात सुंठीचा काढा, वर कोमट एरंडेल. आयुर्वेदात कटिशूल आणि पायापर्यंत कळ जाणारी गृध्रसी ही वेगळी सांगितली आहेत आणि दोन्हींत वाताचा प्रकोप मानला आहे. रास्ना, एरंड, निर्गुडी, लसूण, गुग्गुळ ही त्यावरची जुनी मंडळी. स्वामी कुवलयानंद वैद्य नव्हते. त्यांचा भर आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया, मिताहार आणि मनाची शांती यांवर होता. लोणावळ्याच्या संस्थेत आज आयुर्वेदाचीही सोय आहे ही नंतरची वाढ होय.

पण त्यांची फूटपट्टी आजीच्या पाल्यालाही लावून पाहण्यास हरकत नसावी. शेकाने कंबरदुखीला काही काळ आराम पडतो याला आधार आहे; तो आराम पाल्याचा किती आणि उबेचा किती हे वेगळे काढणे कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुन्या कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची व समजावून सांगण्याची शिफारस आहे. वनौषधींपैकी लाल मिरचीपासून केलेल्या बाहेरून लावण्याच्या औषधाला सावध अनुकूलता आहे, इतर ज्या वनस्पती तपासल्या त्यांच्या बाजूने शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. आपल्या निर्गुडीची व रास्नेची बाजू मांडावयाची तर तीही कोणी तरी पाऱ्याच्या नळीइतक्या चिकाटीने मोजली पाहिजे. आयुर्वेद महाविद्यालयांतल्या तरुणांना हे काम हाती घेण्यासारखे आहे. तोवर आजीचा शेक चालू ठेवावा, कातडी भाजणार नाही एवढे पाहावे आणि पोटात घेण्याचे औषध जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि एक सूचना सर्वांसाठीच : पडल्या-आपटल्यानंतरची पाठदुखी, ताप किंवा वजन घटणे यांसोबत आलेली पाठदुखी, पायातील शक्ती जाणे, जांघेत बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर तेल आणि आसन दोन्ही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

स्वामीजींची कीर्ती १९२०-३० च्या दशकांत वेगाने पसरली. १९२७ साली प्रकृती ढासळली असता गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. दोघांत पत्रव्यवहार झाला. येल विद्यापीठातून कोवूर बेहनान हे संशोधक लोणावळ्यास येऊन राहिले आणि १९३७ साली त्यांचे योगाच्या शास्त्रीय परीक्षणाचे पुस्तक निघाले. मुंबईत १९३२ साली सांताक्रूझला शाखा निघाली. १९३६ साली चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र सुरू झाले. कचेरीतून सुटलेला कारकून घरी जाण्यापूर्वी तासभर आसने करून जाईल, अशा ठिकाणी योग आणून ठेवण्याची ही कल्पना मला फार आवडते. मान व पाठ मोडून खाते लिहिणाऱ्यांचे ते शहर. गरजवंतांना तोटा नव्हता.

शाळांकडेही त्यांचे लक्ष होते. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समित्यांवर त्यांनी काम केले. माणिकरावांच्या आखाड्यातील सांघिक शिस्त आणि माधवदासांची आसने यांचा मेळ घालून शंभर मुलांना एका हुकमावर करता येईल असा 'यौगिक संघ व्यायाम' त्यांनी रचला. योग ही एकांतात करावयाची साधना. तिची कवायत होऊ शकते काय, अशी शंका त्या वेळी अनेकांना आली असेल आणि ती मलाही येते. सांघिक कवायतीत शेजाऱ्याकडे पाहून अंग ओढण्याचा मोह होतो, आणि पाठीला नेमके तेच बाधते. पण हजारो मुलांपर्यंत जावयाचे तर दुसरा मार्ग कोणता होता, हेही खरे.

१९५० च्या सुमारास लोणावळ्याला गोवर्धनदास सेकसरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय निघाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे ज्याचे एक महाविद्यालय बंद पडले होते, त्याला तीस वर्षांनी स्वतंत्र भारतात दुसरे उघडता आले. १९५८ साली त्यांनी शुक्ल यांच्या सहकार्याने 'गोरक्षशतक' संपादित केले. म्हणजे प्रयोगशाळा चालविताना हस्तलिखितांवरची संस्कृत पंडिताची नजरही सुटलेली नव्हती. १९६० च्या दशकाच्या आरंभी योगिक रुग्णालय उभे राहिले. डॉ. विनेकर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले योगिक उपचारांवरील पुस्तक १९६३ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातर्फे प्रसिद्ध झाले. आकाराने लहान पुस्तक आहे. रोगाची नावे आणि आसनांच्या याद्या एवढ्यावर न भागवता शरीर व मन यांचा तोल कसा ढळतो आणि कसा सावरतो याचा विचार त्यात आधी येतो. कंबर दुखणाऱ्याची झोप, चिंता, बसण्याची रीत हे सारे विचारल्याशिवाय आज चांगला तज्ज्ञ उपचार करीत नाही. त्या दिशेने हे पुस्तक साठ वर्षांपूर्वीच वळलेले दिसते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. संसार म्हणावयाचा तर लोणावळ्याचे ते आवार. २०१९ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. 'योगमीमांसा' अजून निघते. आमच्या ग्रंथालयातील खंड वाचनालयाच्या डाव्या कपाटात, संस्कृत कोशांच्या खालच्या कप्प्यात आहेत. ग्रंथपालांकडे मागितल्यास ते तेथेच बसून वाचावयास मिळतात. कप्पा जमिनीलगत आहे, तेव्हा खंड काढताना कमरेतून वाकू नये, गुडघे मोडून बसावे.